आधी साहेब, मग सोडा

त्या कॉर्नरला आमचा गोलकीपर लान्स नाईक हसन शेख याने हाक दिली होती. मी ती ऐकली होती. चौकशीत मी ‘हाक आली नाही’ असं सांगितलं. ते खोटं होतं. गेल्या महिन्यापर्यंत मी हे कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, भावाला नाही, बरोबर नोकरी केलेल्या एकाही माणसाला नाही.

आमच्या कारखान्याच्या क्रीडा मंडळाने वार्षिक अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला. विषय त्यांनीच दिला, कॉर्नर आणि फ्री किक कशा अडवाव्यात. मी फौजेत बरीच वर्षं फुटबॉल खेळलो आणि आता इथे चिंचवडला सिक्युरिटीत आहे, म्हणून माझ्याकडे आले. ‘दोन पानं खरडून द्या, सुभेदार,’ म्हणाले. दोन पानांत होईल असं मलाही वाटलं होतं. होत नाही. ज्यांना फक्त कॉर्नर शिकायचा आहे त्यांना तो यात सापडेल. पण शेखला वगळून मला तो शिकवता येत नाही, आणि यापुढे मी वगळणारही नाही.

मी मोशीचा. घरी शेती, इंद्रायणीच्या काठाला. पंचावन्न साली भरती झालो. शेख चाकणचा. बासष्टच्या मारानंतर जी पोरं रांगा लावून भरती झाली, त्यांतला तो. अडुसष्टच्या शेवटी आमची बटालियन देहू रोडला आली आणि आम्हा दोघांना पहिल्यांदाच घराजवळ पोस्टिंग मिळालं. रविवारी आउटपास घेऊन मी सायकलने मोशीला जायचो, तो एसटीने चाकणला. येताना त्याच्या आईने फडक्यात बांधून दिलेल्या बाजरीच्या भाकऱ्या आणायचा. त्यातली एक माझी असायची.

सकाळी पीटी, मग परेड, दुपारी शस्त्रांची सफाई, संध्याकाळी गेम्स. युनिटच्या फुटबॉल टीममध्ये मी स्टॉपर होतो, म्हणजे बचावफळीच्या मधला माणूस. शेख गोली. उंची बेताची, पण आवाज असा की मैदानाच्या पलीकडच्या कुकहाउसमधला लांगरी मान वर करून बघायचा.

त्याचं ड्यूटीचं काम वायरलेस सेटवर. पासष्टला पंजाबात आमची प्लाटून उसाच्या बांधाआड पडून होती. पुढे उठायचा हुकूम झाला होता. शेखने सेटवर काहीतरी ऐकलं आणि ओरडला, ‘बसा!’ प्लाटून कमांडर अर्धे उठले होते, ते खाली बसले. मशीनगनचा बर्स्ट वरून गेला.

नंतर त्यांनी विचारलं, ‘काय ऐकलंस?’

‘शेजारच्या प्लाटूनचा निरोप होता, सर. डावीकडच्या झाडीत गन आहे म्हणून.’

‘मग तसा निरोप का नाही दिलास?’

‘निरोप संपेपर्यंत आपण उभे असता, सर.’

कमांडर हसले. आम्हीही हसलो. त्याच्या बोलण्यात शिकण्यासारखं काही आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आता कॉर्नर.

बॉल झेंड्यापाशी थांबलेला असतो. समोरच्याला घाई नसते. म्हणून इकडच्या टीम त्या वेळात श्वास घेतात. कोणी मोजे वर ओढतो, कोणी लाइनवरच्या मित्राकडे पाणी मागतो. मला हे बघवत नाही. बॉल पळत असताना समोरच्याला जे जमेल ते तो करतो. बॉल थांबलेला असताना त्याने ठरवलेलं तो करतो. जास्त धोका कशात, हे शहाण्या माणसाला सांगायला लागू नये.

एक माणूस फर्स्ट पोस्टला, म्हणजे बॉलच्या जवळच्या खांबाला, एक सेकंड पोस्टला, लांबच्या खांबाला. फौजेत पोस्ट या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, त्यामुळे आमच्याकडे शिकवणं सोपं जायचं. पोस्टवरचा संत्री हुकमाशिवाय हलत नाही. बाकीच्यांनी एकेक माणूस धरायचा. बॉल धरायचा नाही, माणूस. बॉलकडे सगळेच टक लावून बघतात, आणि गोल मारणारा त्या बघणाऱ्यांच्या पाठीमागून येतो. त्याच्या आणि गोलच्या मध्ये उभं राहायचं, हात लागेल इतकं जवळ. स्टॉपर मध्ये मोकळा. बॉल क्लिअर करायचा तो उंच, लांब आणि बाजूला. मध्यात कधीही नाही. बॉल बाहेर पडला की सगळ्यांनी एकदम पुढे पळायचं, गोलपाशी घुटमळायचं नाही.

या सगळ्यावर हुकूम एकाच माणसाचा. गोलीचा. बाकी दहा जण आपापल्या माणसाला चिकटलेले असतात. पूर्ण चित्र त्या एकट्याला दिसत असतं. शेखचे हुकूम दोनच. ‘सोड’ म्हणजे मी येतोय, बाजूला हो. ‘मार’ म्हणजे मी येत नाही, तू काढ. कॉर्नरला दोन अक्षरांपेक्षा मोठा हुकूम त्याने तोवर कधी दिला नव्हता.

मी हवालदार होतो तेव्हा तो मला खुशाल ‘सोड’ म्हणायचा. मी सोडायचो. मैदानाबाहेर आलो की ‘हवालदारसाहेब, पाणी देऊ का?’ असं अदबीने विचारायचा. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

एकोणसत्तरच्या पावसाळ्यात मी नायब सुभेदार झालो. खांद्यावर स्टार आला. जेसीओ मेसमध्ये जेवायला बसू लागलो. तिथे शेजारच्या कंपनीचे एक सुभेदार होते. फौजेतली कंपनी म्हणतोय, कारखाना नव्हे. त्यांना दुसऱ्याची फिरकी घेतल्याशिवाय जेवण जात नसे. एका संध्याकाळी ते आमची प्रॅक्टिस बघायला उभे होते. कॉर्नर आला, शेख ओरडला, ‘सोड!’ मी सोडला.

रात्री मेसमध्ये ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘काय राव, स्टार काय बाजारातून आणलाय का? तुमचा लान्स नाईक अजून तुम्हाला अरे-तुरे करतोय.’

मेस हसली. मीही हसलो. ते हसणं खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शेखला बाजूला घेतलं. ‘यापुढे सीनियरला एकेरीत बोलायचं नाही.’

‘मैदानात पण, साहेब?’

‘मैदान काय फौजेबाहेर आहे?’

तो विचार करत उभा राहिला. मग म्हणाला, ‘मग सोडा म्हणतो.’

‘सोडा, साहेब.’

‘हां साहेब. सोडा, साहेब.’

आठवडाभर तसं चाललं. एका अक्षरात एक काना वाढला होता, अडचण नव्हती. ‘साहेब’ शेवटी यायचा, तोवर मी बाजूला झालेलो असायचो. हे असंच राहिलं असतं तर शेख आज चाकणला असता.

पण ते सुभेदार पुन्हा मैदानावर आले. कॉर्नर आला. शेख ओरडला, ‘सोडा, साहेब!’ आणि लाइनवरून सुभेदारांचा आवाज आला, ‘अरे, नुसता सोडा? रम कुठाय? बर्फ पण माग की लेका!’

सगळं मैदान हसलं. त्या दिवसापासून माझं नाव सोडासाहेब पडलं. क्वार्टरगार्डवरचा संत्री मला सॅल्यूट ठोकताना ओठ दाबून धरायचा. कँटीनमध्ये गेलो तर कोपऱ्यातून कोणीतरी बाटली उघडल्याचा आवाज तोंडाने काढायचं.

मी चिडलो. चिडायचं होतं सुभेदारांवर, पण ते मला सीनियर. चिडलो शेखवर.

‘आधी साहेब म्हणायचं,’ मी म्हणालो. ‘मग जे बोलायचं ते.’

‘साहेब, उशीर होईल.’

‘किती उशीर होतो एका शब्दाला?’

‘साहेब, सेटवर आधी नाव घेतो आपण, मग निरोप. पण सेटवर समोरचा कानाला लावून बसलेला असतो. कॉर्नरला उलटं लागतं. आधी निरोप. नुसतं साहेब ऐकून तुम्हाला कसं कळणार, सोडा का मारा?’

त्याचं म्हणणं बरोबर होतं. बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण नकळत चूक झाली असं कोणाला वाटायला नको. मी म्हणालो, ‘शेख, मला शिकवू नकोस. हुकूम आहे.’

‘जी साहेब.’

इंटर-युनिट स्पर्धेची फायनल आमच्याच मैदानावर होती. समोर खडकीची टीम. ब्रिगेडचे साहेब लोक खुर्च्यांवर, जवान चारी बाजूंनी. हाफ टाइमच्या आधी आमचा एक गोल झाला. दुसऱ्या हाफमध्ये खडकीवाले अंगावर आले. शेवटची वीसेक मिनिटं उरली असताना डाव्या बाजूने त्यांना कॉर्नर मिळाला.

माणसं लागली. पोस्टवर पोस्टवाले. मी पेनल्टी स्पॉटच्या थोडा आत. बॉल आला तो उंच, आत वळत, बरोबर मध्ये. मी मागे सरकत सरकत उडीचा अंदाज घेतला. पाठीमागून शेखचा आवाज आला.

‘साहेब...’

मी उडी मारली.

‘...सोडा!’

दुसरा शब्द मी हवेत असताना ऐकला. स्वच्छ ऐकला. हवेत माणसाला थांबता येत नाही. माझं कपाळ त्याच्या कानाच्या वर लागलं. नारळ आपटल्यासारखा आवाज झाला. आम्ही दोघं खाली पडलो. बॉल त्याच्या छातीखाली होता. त्याने तो सोडला नव्हता.

रेफ्रीने खेळ थांबवला. शेख उठून बसला. डोकं हलवलं. मला म्हणाला, ‘साहेब, तुम्हाला लागलं नाही ना?’

‘मला काही नाही. तू खेळणार का?’

‘खेळतो की.’ उभा राहिला, बॉल हातात घेतला. किक मारण्याआधी माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, ‘साहेब, आजच्या पुरतं नुसतं सोड म्हणू का?’

आजूबाजूला दोनतीन खेळाडू होते. खुर्च्यांवर साहेब लोक होते. ते सुभेदार लाइनवर होते.

मी म्हणालो, ‘मॅच झाल्यावर बघू.’

तो ‘जी’ म्हणाला.

थोड्या वेळाने आमच्या बॉक्सच्या बाहेर खडकीवाल्यांना फ्री किक मिळाली. सरळ गोलवर मारण्याजोगी. फ्री किकला वॉल, म्हणजे खांद्याला खांदा लावलेल्या खेळाडूंची भिंत, लावायची असते, आणि ती गोली लावतो, वॉलमधली माणसं स्वतः लावत नाहीत. गोली फर्स्ट पोस्टला हात लावून उभा राहतो, बॉल आणि पोस्टची रेषा डोळ्यांनी पकडतो आणि वॉलमधल्या पहिल्या माणसाला त्या रेषेवर आणतो. पहिला माणूस रेषेच्या थोडा बाहेरच हवा, नाहीतर बाजूने वळवलेला बॉल आत येतो. गोलची एक बाजू वॉल झाकते, दुसरी बाजू गोली. वॉलमधल्याने मागे वळून बघायचं नाही. तोंड फिरवायचं नाही. बॉल तोंडावर आला तर तोंडावर घ्यायचा. मागच्या माणसाचा आवाज हेच त्याचे डोळे. हलायचं त्या आवाजावर, थांबायचं त्या आवाजावर.

वॉलमधला पहिला माणूस मी होतो. माझी पाठ शेखकडे.

‘साहेब, जरा डावीकडे,’ तो म्हणाला.

मी सरकलो.

‘साहेब... डावीकडे.’

पुन्हा सरकलो. आवाज जड वाटला. मला वाटलं, रुसलाय. मघाच्या बोलण्याचा राग धरलाय. मनात म्हणालो, रुस लेका, मॅच झाल्यावर बघतो तुला.

‘डावीकडे...’

मी रेषेच्या पार बाहेर गेलो होतो, हे मला अंदाजानेही कळत होतं. आता तो ‘बस’ म्हणेल म्हणून मी थांबलो. वॉल बरोबर लागली की तो ‘बस’ म्हणायचा. ते आलं नाही. रेफ्रीची शिट्टी झाली. बॉल वॉलवरून गेला आणि बारच्याही वरून गेला. आमच्या जवानांनी टाळ्या वाजवल्या.

मी मागे वळलो. शेख फर्स्ट पोस्टच्या बुंध्याशी बसला होता. एक हात पोस्टभोवती होता. डोळे उघडे होते, पण मी समोर येऊन उभा राहिलो तरी ते माझ्यावर आले नाहीत.

मॅच तिथेच थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिलिटरी हॉस्पिटलमध्ये तो गेला. डोक्याच्या आत रक्त साचलं होतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, माणूस आधी उठून बोलतो, चालतो, आणि मग पडतो. वय सत्तावीस.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. एक मेजरसाहेब अध्यक्ष. आमच्या लेफ्ट बॅकने सांगितलं, ‘सर, ‘साहेब’ असं काहीतरी ऐकू आलं होतं.’ गर्दीच्या आवाजात बाकीच्यांना काही ऐकू आलं नव्हतं. मेजरसाहेबांनी मला विचारलं, ‘कीपरने ‘सोड’ म्हटलं होतं?’

‘नाही, सर.’

हे शब्दशः खरं होतं. त्याने ‘सोड’ म्हटलं नव्हतं, ‘सोडा’ म्हटलं होतं. एका कान्याच्या आड मी लपलो. पण मेजरसाहेब नेटके माणूस होते. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. ‘म्हणजे त्याने काहीच कॉल दिला नाही?’

इथे लपायला जागा नव्हती. सांगायचं होतं, की कॉल दिला, उशिरा दिला, आणि उशिरा द्यायचा हुकूम माझा होता.

मी म्हणालो, ‘नाही, सर.’

अपघात म्हणून नोंद झाली. कारण, गोलकीपरने कॉल न देणे.

त्यानंतर टीमला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. नव्या गोल्यांना काय सांगायचं ते वरूनच ठरलं होतं, आणि ते मी माझ्या तोंडाने सांगितलं. ‘शेखसारखं मुकं राहू नका. शेख मुका राहिला आणि जिवाला मुकला.’ दर वर्षी नवी पोरं यायची, दर वर्षी मी हे म्हणायचो. यमक जुळतं म्हणून पोरांच्या लक्षात राहायचं. बटालियनभर ती म्हणच झाली. माझ्या तोंडाला तेव्हा कोणी कुलूप घातलं नव्हतं. घालायला हवं होतं.

शेखची ट्रंक घेऊन चाकणला मीच गेलो होतो. वडील आधीच वारले होते. आई खातूनबी आणि धाकटा भाऊ गुलाब, एवढंच घर. कांद्याच्या बाजाराच्या मागे दोन खोल्या. आईने ट्रंक उघडली नाही. मला चहा दिला. मग म्हणाली, ‘सायेब, येक इचारू का?’

‘विचारा, मावशी.’

‘समदी म्हंत्यात, हसन वरडला न्हाई. आवं, त्यो ल्हानपणी वरडला की बाजारातली मानसं म्हनायची, खातूनबीचं पोरगं उठलं. झोपंत बी गप नसायचा त्यो. मंग त्याच येळेला कसा गप ऱ्हायला?’

खरं सांगायची ती जागा होती. तिथे मेजर नव्हता, सुभेदार नव्हते. एक बाई होती आणि तिचा प्रश्न बरोबर होता. मी म्हणालो, ‘खेळात होतं कधी कधी, मावशी.’

ती म्हणाली, ‘व्हय. आसंल.’ आणि माझ्या कपबशीकडे बघून, ‘चा गार झाला तुमचा, दुसरा टाकते.’

मी दुसरा चहाही प्यायलो.

पंच्याहत्तरला पेन्शनीवर आलो. चिंचवडला सिक्युरिटीत लागलो. मोशीहून चाकण लांब नाही. मी तिकडे फिरकलो नाही. कोणाच्या लग्नाला जायचं झालं तरी दुसऱ्याला पाठवायचो.

या वर्षी कारखान्याची टीम शिकवायला मला सांगितलं. स्टॉपर गुळवे, पेंट शॉपचा फोरमन. गोली दत्ता, त्याच पेंट शॉपमधला हेल्पर, तीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप. गेल्या महिन्यात प्रॅक्टिसला कॉर्नर आला. दोघंही बॉलवर गेले. दत्ता ओरडला, ‘साहेब, साहेब, सोडा!’ दोघांची डोकी चुकली ती चार बोटांनी.

मी मैदानात धावलो. कसा धावलो ते आठवत नाही.

‘दत्ता, यांना काय म्हणालास?’

‘काय म्हणालो? साहेब म्हणालो.’

‘इथे साहेब नाही म्हणायचं. सोड म्हणायचं. नुसतं सोड.’

गुळवे हसायला लागला. ‘ओ सुभेदार, फौजेतून आलात आणि तुम्हीच शिस्त मोडताय? उद्या फर्स्ट शिफ्टला हाच माझ्या हाताखाली असतो. मग तिथे पण सोड म्हणेल ना भाऊ!’

मी त्याची जर्सी गळ्यापाशी धरली. ‘तुझी शिफ्ट गेली खड्ड्यात. या चुन्याच्या रेघेच्या आत तो तुझा साहेब आहे. ऐकायचं नसेल तर आत्ता बाहेर हो.’

‘अहो, एवढं काय झालं? लागलं का कोणाला?’

‘लागलं होतं,’ मी म्हणालो. ‘मेला तो. माझ्या हुकमाने मेला.’

गुळवे म्हणाला, ‘कोण मेला? काय बोलताय सुभेदार?’ मी त्याची जर्सी सोडली आणि मैदानातून बाहेर आलो. हे तोंडातून गेल्यावर आता परत गिळता येणार नव्हतं, आणि ज्यांनी आधी ऐकायला हवं ते चाकणला होते. पुढच्या सुट्टीला एसटीत बसलो.

गुलाबचं नाशिक रस्त्याला पंप आणि डिझेल इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात निघोज्याचं एक गिऱ्हाईक बसलं होतं. ते जाईपर्यंत मी बाहेर उभा राहिलो. गुलाबने मला ओळखलं. स्टूल पुढे केलं. मी आधी आईची चौकशी केली. ती दोन वर्षांपूर्वी गेली होती.

मग मी सगळं सांगितलं. उभ्यानेच. तो हातातली व्हॉल्व्हची चकती कापडाने पुसत राहिला. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

माझं संपल्यावर म्हणाला, ‘आई आसताना का न्हाई आलात?’

त्याने चकती खाली ठेवली.

‘मरायच्या आदल्या दिवशी बी तिनं त्योच सवाल केला मला. हसन गप कसा ऱ्हायला रं? मी म्हनलो, आये, आता जाऊ दे ना. मी तिच्यावर खेकासलो, ठाव हाय का? मरत्या बाईवर. तुमच्यापायी.’

‘गुलाब...’

‘थांबा. आन् मी तुमास्नी सायेब म्हननार न्हाई. तेच म्हनता म्हनता माजा भाऊ गेला.’

‘नको म्हणूस. तू म्हण मला. अरे म्हण.’

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. ‘त्याला जवळीक लागती. हसनची व्हती तुमच्याशी. माजी न्हाई.’

मी स्टूलवर बसलो. त्याने चहा मागवला नाही, ते बरं झालं. तो म्हणाला, ‘मला सांगून काय उपेग? मला ठावंच व्हतं. आमा दोघांना पयल्यापासनं ठाव व्हतं त्यो वरडला आसनार. ज्यास्नी न्हाई ठाव, त्यास्नी सांगा. तितं जाऊन सांगा, जितं त्याला मुका म्हनलात.’

मी निघालो. त्याने दार लावलं नाही आणि निरोपही दिला नाही.

परत येऊन हा लेख लिहायला बसलो. यात कॉर्नरचं जे सांगायचं ते वर सांगून झालं आहे. त्यात एवढंच जोडा. गोली हेल्पर असो, शिपाई असो, स्टॉपर मॅनेजर असो, शब्द एक आणि एकेरी. ज्याला त्यात अपमान वाटतो त्याने बॅडमिंटन खेळावं. मंडळाने हे वाक्य कापू नये.

‘खेळात होतं कधी कधी’ असं म्हणणाऱ्यांची मला आता चीड येते. खेळात आपोआप काही होत नाही. कोणीतरी ते करतो. इथे मी केलं. ते सुभेदार हसले, पण हुकूम त्यांनी दिला नव्हता. त्यांच्यावर मी पुष्कळ वर्षं राग धरला, कारण ते सोयीचं होतं.

आमची बटालियन सध्या उत्तरेकडे आहे. तिथे आजही नव्या गोलीला शेख मुका राहिला असं सांगतात. मागच्या दिवाळीत भेटलेल्या एका रिटायर्ड हवालदाराने मला ती म्हण हसत ऐकवली, यमकासकट. मी तेव्हाही गप्प बसलो.

लान्स नाईक हसन शेख, वायरलेस ऑपरेटर, गोलकीपर. पासष्टला त्याच्या एका शब्दावर आमची प्लाटून खाली बसली आणि वाचली. एकोणसत्तरला, डोकं फुटलेलं असताना, तो वॉल लावत होता. त्याने हाक दिली होती. दोन्ही वेळा दिली होती.

हे बटालियनसमोर उभं राहून, माझ्या नावानिशी आणि माझ्या खोट्या जबानीसकट मोठ्याने सांगणं मी त्याला देणं लागतो. ते मी अजून केलेलं नाही.